पुस्तकाच्या कोपऱ्यातला चौकोन



सिद्धेश्वराच्या सोलापुरात या संमेलनाचा स्वागताध्यक्ष या नात्याने मी आपणा सर्व शिक्षक-पालकांचे मनःपूर्वक स्वागत करतो. कोणी काल रात्रीच मुक्कामी आलात, कोणी पहाटेची एसटी धरून. आपण आलात याचा फार आनंद आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा पाहुणचार घेतल्याशिवाय कोणी परत जायचे नाही.

पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचा विषय घेऊन आपण सोलापूर जिल्ह्यात जमलो, हे योग्यच झाले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर कोड छापून आले आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही तीच घोषणा केली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे तिथल्या तिथे सांगितले. त्या संध्याकाळी राज्यातल्या प्रत्येक झेडपी गुरुजीची मान ताठ झाली होती.

माझी नोकरी केंद्रप्रमुख म्हणून वस्त्यांवरच्या शाळा पाहण्यात गेली. दोनशिक्षकी शाळा म्हणजे काय, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. एका खोलीत पहिली आणि दुसरी, समोर एकच बाई. दुसरीला हातच्याची बेरीज शिकवायची, तर पहिलीचे काय करायचे? अशा एका वर्गात बाईंनी फोन डस्टरला टेकवून ठेवला होता. पहिलीची पोरे कोड फोनसमोर धरायची, बाईंच्याच आवाजात कविता सुरू व्हायची आणि पोरे बोट ठेवून ओळ वाचायची. बाई त्या वेळी फळ्यापाशी होत्या. आवाज ओळखीचा, बोलीही ओळखीची, म्हणून पोरे जागची हलली नाहीत. त्याच कोडमागे कुठला तरी चकचकीत व्हिडिओ असता, तर ती इतकी रमली असती असे मला वाटत नाही.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की कोडमागे काय ठेवायचे ते वर्गशिक्षकाने ठरवावे आणि जमेल तितके स्वतः तयार करावे. दीक्षा ॲपवर भरपूर साहित्य आहे, ते जरूर वापरा. पण आपल्या गावच्या आजीने सांगितलेली गोष्ट आणि आपल्या शिवारातल्या पाखराचा आवाज तुमच्याशिवाय कोण नोंदवणार?

आता अडचणींचे बोलू. घरातला एकुलता एक फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप दिवेलागणीला घरी येतो. लॉकडाउनच्या काळात हे आपण सगळ्यांनी सोसले. कोडवरचा गृहपाठ देताना त्या घराचा विचार आधी करावा लागेल. ज्या पोराकडे फोन नाही, त्याचा अभ्यास केवळ त्यापायी मागे पडता कामा नये. रेंज नसलेल्या वस्तीवर एक उपाय चालतो. दोन-चार ओळींचा मजकूर थेट कोडमध्येच भरता येतो. शब्दांचे अर्थ किंवा कोड्याचे उत्तर मग इंटरनेटशिवाय दिसते. एकच फोन असलेल्या वर्गासाठी प्लिकर्सची कार्डे आहेत. प्रत्येक मुलाच्या कार्डावरचा कोड वेगळा. चार बाजूंना चार पर्याय, उत्तराची बाजू वर करून मुलाने कार्ड उंच धरायचे, गुरुजींनी फोन वर्गावरून फिरवायचा. कोणाला समजले नाही ते लगेच कळते आणि लाजणारे मूलही उत्तर देते. मला तर याचे मोल सगळ्यात जास्त वाटते.

क्यूआर कोड मुळात १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार केला. कारखान्यातल्या तेला-धुळीतही तो वाचता यावा, अशी त्याची घडण आहे. तयार करताना तशी सोय ठेवली तर तीस टक्क्यांपर्यंतचा भाग खराब होऊनही तो उघडतो. त्यामुळे शाईच्या डागाला घाबरू नका. पण तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन आणि भोवतीची पांढरी पट्टी जपा. पोरे नेमकी तीच पट्टी खडूने रंगवतात आणि मग कोड रुसतो.

मोठी भीती वेगळीच आहे. व्हिडिओची जागा बदलली की छापलेला कोड मुका होतो, आणि आपल्याकडे पुस्तक तर धाकट्या भावंडांपर्यंत चालते. दर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी प्रत्येक कोड एकदा तपासून घ्यावा, असा ठराव या संमेलनाने करावा, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.

दुपारच्या सत्रात प्रत्येक गटाने आपल्या वर्गाचा निदान एक कोड तयार करायचा आहे. फोन चार्ज करण्याची सोय डाव्या हाताच्या खोलीत केली आहे. व्यवस्थेत काही कमी पडले तर आम्हा स्वागत समितीला हक्काने सांगा. आता उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.