सहन करणे हा संस्कार नव्हे

(रायगड किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



कोर्लईसारख्या गावांत पोर्तुगीज काळापासून कॅथलिक वस्ती आहे. या पट्ट्यातल्या ख्रिस्ती बायाही माझ्याकडे येतात. अंगावरचे वळ दाखवतात आणि लगेच म्हणतात, "पण ताई, आमच्यात सोडचिठ्ठी नाही." हे एक वाक्य बाईला पुन्हा त्याच घरात पाठवते. म्हणून धर्म नेमके काय सांगतो, हे आपल्याला माहीत हवे.

कॅथलिक चर्च लग्नाला संस्कार मानते. जोडीदार हयात असताना दुसरे लग्न लावत नाही. प्रॉटेस्टंट पंथांचे नियम बरेचसे सैल आहेत. येशूच्या काळी नवरा सोडपत्र लिहून बायकोला बाहेर काढू शकत असे. त्या मनमानीला ही शिकवण अटकाव होती. पुढे तीच बाईच्या पायातली बेडी झाली.

पण त्याच चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेत कलम 1153 आहे. जोडीदारापासून शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याचे रास्त कारण आहे, असे ते सांगते. धोका तातडीचा असेल तर परवानगीसाठी थांबावेही लागत नाही. म्हणजे मार खात राहा, असे धर्म सांगत नाही. सांगतात ती माणसे. केवळ घटस्फोट घेतला म्हणून बाई कम्युनियनला मुकत नाही. प्रश्न येतो तो पुनर्विवाहाचा.

तिथे चर्चचा मार्ग वेगळा आहे. लग्नाच्या वेळी संमती खरी नव्हती, जबरदस्ती वा फसवणूक होती, असे सिद्ध झाले तर धर्मन्यायालय ते लग्न मुळातच झाले नव्हते असे ठरवते. पूर्वी दोन न्यायालयांचे एकमत लागे. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी ती अट काढली. "मग माझी मुले अनौरस?" ही भीती प्रत्येकीला असते. नाही. कलम 1137 प्रमाणे ती औरसच राहतात.

आता कायदा. 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसती मारहाण हे कारणच नव्हते! 1997 मध्ये प्रगती वर्गीस खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. 2001 च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुषांना सारखी कारणे मिळाली, परस्पर संमतीची वाटही खुली झाली. त्यासाठी बायकांनी आणि ख्रिस्ती संघटनांनी वर्षानुवर्षे झगडा दिला.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चर्चचा कागद कोर्टात चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 आणि 2017 मध्ये हे स्पष्ट केले आहे. केवळ त्या कागदावर दुसरे लग्न केले तर तो गुन्हा ठरू शकतो. उलट, कोर्टाचा घटस्फोट चर्चमध्ये पुनर्विवाहाला पुरत नाही. चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचे असेल तर दोन्ही कागद हवेत.

रायगड मुंबई महाधर्मप्रांतात येतो, म्हणून धर्मन्यायालयासाठी मुंबई गाठायची. घटस्फोटाचा अर्ज अलिबागच्या जिल्हा न्यायालयात. खर्च, खाडा, लोकांचे बोलणे, सगळे बाईच्याच माथी. तेव्हा तिच्यासोबत जा. फादरांशी बोलताना कलम 1153 चा उल्लेख करा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण, निवारा आणि पोटगी आधी मागा; त्याला धर्माची अट नाही.

तिची श्रद्धा सोडायला आपण सांगायचे नाही. ती तिची आहे. पण श्रद्धेच्या नावाने तिला कोणी मारायला सोडत असेल, तर आपण गप्प बसायचे नाही.