पदवी आणि मैदान : अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूंची वाटचाल

(व्याख्यानाचा मजकूर)



ज्या घरातील मूल खेळात चमकू लागते, त्या घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो. सामन्यांमुळे वर्ग बुडतात, परीक्षेच्या ऐन तोंडावर स्पर्धा येते, आणि मग आई-वडिलांना ठरवावे लागते की मुलाला मैदानावर राहू द्यावे की पुस्तकाकडे वळवावे. आपल्याकडे हा प्रश्न घरातल्या घरात सुटतो किंवा न सुटता विरून जातो. अमेरिकेत मात्र त्याच प्रश्नाभोवती एक अवाढव्य व्यवस्था उभी राहिली आहे. विद्यार्थी आणि खेळाडू ही एकाच मुलाची दोन रूपे, असे तेथे शंभराहून अधिक वर्षे मानले गेले. हे मानणे कितपत खरे होते आणि महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या बास्केटबॉलपटूंनी पुढे आपले आयुष्य कसे उभे केले, हा आजचा विषय आहे.

बास्केटबॉलचा जन्मच मुळी शिक्षणसंस्थेतला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या मूळच्या कॅनडातील व्यायामशिक्षकांनी, हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावे म्हणून तो तयार केला. सज्जाला ठोकलेल्या पीचच्या दोन टोपल्या आणि तेरा नियम, एवढेच त्याचे भांडवल. मुलांना व्यायाम घडावा यापलीकडे त्यात काही हेतू नव्हता. आज त्याच खेळाच्या महाविद्यालयीन स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क कसे विकले जातात, हे पाहिले की थक्क व्हायला होते. दर मार्चमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी २०१० साली झालेला चौदा वर्षांचा करार सुमारे १०८० कोटी डॉलरचा होता. ज्यांच्या खेळावर हा करार झाला, ती मुले विद्यार्थी असल्यामुळे त्यांना त्यातील वाटा मिळत नसे. त्यांना मिळे ते शिक्षणशुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके.

म्हणजेच पदवी हेच त्यांचे वेतन होते. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली तर पुढचे सारे उलगडत जाते. ज्याने पदवी घेतली त्याने आपली मजुरी वसूल केली. ज्याला ती न घेता बाहेर पडावे लागले, त्याने चार वर्षे फुकट राबून दिले.

व्यावसायिक खेळाचे दार किती अरुंद आहे, तेही पाहू. अमेरिकेत पहिल्या श्रेणीत पुरुषांचा बास्केटबॉल खेळणारी साडेतीनशेहून अधिक महाविद्यालये आहेत आणि सर्व श्रेणी मिळून खेळाडूंची संख्या अठरा हजारांच्या घरात जाते. एन.बी.ए. या व्यावसायिक संघटनेत संघ अवघे तीस. दर वर्षी होणाऱ्या खेळाडू-निवडीत, ज्याला ड्राफ्ट म्हणतात, दोन फेऱ्या मिळून सुमारे साठ नावे पुकारली जातात, आणि त्यांत परदेशी खेळाडूही असतात. निवडीस पात्र ठरणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंपैकी शंभरात जेमतेम एकाचा त्यात क्रम लागतो. उरलेल्या नव्व्याण्णवांपैकी काही युरोपात, काही आशियात, काही दुय्यम स्पर्धांत खेळतात. बहुसंख्य खेळ सोडून शिक्षक, विक्रेते, प्रशिक्षक, वकील होतात. टाळ्या मात्र त्या एकाच्याच वाट्याला येतात.

त्या एकाची गोष्टही साधी नसते. टिम डंकन हा कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावरचा मुलगा. त्याची बहीण १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये पोहली होती आणि त्यालाही जलतरणपटूच व्हायचे होते. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये ह्यूगो वादळाने बेटावरचा मोठा तरणतलाव उद्ध्वस्त केला. पुढच्याच वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कर्करोगाने गेली. जाण्यापूर्वी तिने मुलांकडून एक वचन घेतले होते : महाविद्यालयाची पदवी पूर्ण करायची. डंकन बास्केटबॉलकडे वळला तो त्यानंतर, म्हणजे बराच उशिरा. वेक फॉरेस्ट विद्यापीठात तो इतका बहरला की मध्येच शिक्षण सोडले असते तरी व्यावसायिक संघांनी त्याला डोक्यावर घेतले असते. तो चारही वर्षे थांबला. १९९७ मध्ये मानसशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच वर्षीच्या निवडीत सॅन अँटोनियो संघाने त्याचे नाव सर्वांत आधी पुकारले. १९९९ ते २०१४ या काळात त्या संघाने जिंकलेल्या पाचही अजिंक्यपदांत तो होता. एकोणीस हंगाम एकाच संघाकडून खेळून २०१६ मध्ये तो निवृत्त झाला.

येथे कोणी म्हणेल, डंकनला थांबणे परवडले. हा आक्षेप रास्त आहे. एक गुडघा दुखावला की कोट्यवधींचा करार हातचा जातो; गरीब घरातील मुलाने तो धोका का पत्करावा? याच मुद्द्यावर स्पेन्सर हेवूड न्यायालयात गेला. शालेय शिक्षणानंतर चार वर्षे उलटल्याखेरीज एन.बी.ए.त प्रवेश नाही, असा त्या काळी नियम होता. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूने निकाल लागला आणि मुदतीपूर्वी महाविद्यालय सोडण्याची वाट मोकळी झाली. पुढे २००६ च्या निवडीपासून किमान एकोणीस वर्षे वयाची आणि शाळा सोडल्यानंतर एक वर्षाची अट आली. तिचा परिणाम विचित्र झाला. गुणी मुले नावापुरती एक वर्ष महाविद्यालयात येऊ लागली आणि वसंत ऋतू संपताच निघून जाऊ लागली. अभ्यासाचा असा देखावा कोणाच्याच हिताचा नव्हता.

लवकर निघून गेलेल्यांपैकी काहींनी मागे वळून पाहिले, हे विशेष. शकील ओनीलने १९९२ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठ पदवीविना सोडले. कीर्ती, पैसा, अजिंक्यपद सर्व काही मिळाल्यावर २००० साली तो पदवी घ्यायला परत आला आणि पुढे २०१२ मध्ये त्याने शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेटही मिळवली. स्टीफन करीने डेव्हिडसन हे छोटे महाविद्यालय तिसऱ्या वर्षानंतर २००९ मध्ये सोडले. खेळाडूने पदवी घेतल्याखेरीज त्याच्या अंगरख्याचा क्रमांक सन्मानपूर्वक राखून ठेवायचा नाही, असा त्या संस्थेचा दंडक. करी जगप्रसिद्ध झाला तरी संस्थेने नियम वाकवला नाही. २०२२ च्या मे महिन्यात त्याने पदवी पूर्ण केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा तीस क्रमांक तेथे झळकला. जगभर नाव असलेल्या विद्यार्थ्यालाही तेरा वर्षे वाट पाहायला लावणारी ही संस्था कौतुकास पात्र आहे.

सर्वाधिक गाजला तो व्हिन्स कार्टरचा प्रसंग. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ त्याने १९९८ मध्ये तिसऱ्या वर्षानंतर सोडले होते. पण पदवी घेईन असा शब्द आईला दिला होता. टोरोंटो संघाकडून खेळत असताना त्याने उरलेला अभ्यासक्रम पुरा केला. पदवीदान ठरले २० मे २००१ रोजी सकाळी, आणि त्याच संध्याकाळी फिलाडेल्फियात मालिकेचा सातवा, निर्णायक सामना. कार्टर सकाळी चॅपेल हिल येथे झगा घालून समारंभाला बसला आणि तेथून विमानाने फिलाडेल्फियाला गेला. पूर्ण वेळ खेळला. शेवटच्या क्षणी संघ एका गुणाने मागे होता, चेंडू त्याच्या हातात आला, आणि त्याने फेकलेला चेंडू कड्याला लागून बाहेर पडला. टोरोंटो ८७–८८ असा हरला. दुसऱ्या दिवसापासून टीकेचा भडिमार झाला : संघापेक्षा कागद मोठा ठरला, सकाळच्या प्रवासाने पाय जड झाले, आणि असेच बरेच काही. कड्यावर आदळलेल्या चेंडूंची संख्या या खेळात दर संध्याकाळी शेकड्यांत मोजावी लागते. त्यांतील बहुतेक चेंडू फेकणारे त्या दिवशी पदवीदानाला गेलेले नसतात. कार्टर पुढे २०२० पर्यंत खेळला. बावीस हंगाम आणि चार निरनिराळ्या दशकांत मैदानावर उतरणारा पहिला एन.बी.ए. खेळाडू, अशी त्याची नोंद झाली. २०२४ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळाले.

ज्यांचे नाव निवडीत पुकारलेच गेले नाही, त्यांच्याकडेही वळले पाहिजे. जेरेमी लिन कॅलिफोर्नियातील तैवानी वंशाच्या कुटुंबातला. शालेय संघाला राज्य अजिंक्यपद मिळवून दिले तरी एकाही मोठ्या महाविद्यालयाने क्रीडा-शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो हार्वर्डला गेला, जेथे अशी शिष्यवृत्ती नसतेच, आणि २०१० मध्ये अर्थशास्त्राचा पदवीधर झाला. निवडीत नाव नाही. एका संघाने घेतले आणि सोडले, दुसऱ्याने नाताळच्या आदल्या दिवशी सोडले. न्यूयॉर्कच्या संघात जागा मिळाली तीही पक्की नव्हती, म्हणून घर भाड्याने न घेता तो भावाच्या खोलीतील कोचावर झोपत असे. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याला अखेर पुरेसा वेळ खेळायला मिळाला. त्याने पंचवीस गुण केले. सहा दिवसांनी बलाढ्य लॉस एंजल्स लेकर्सविरुद्ध अडतीस केले. २०१९ साली टोरोंटोच्या अजिंक्य संघात तो होता आणि २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

युडोनिस हॅसलेमचा मार्ग अधिक खडतर. २००२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातून बाहेर पडताना तो अंगाने फार जड झाला होता. निवडीत कोणी विचारले नाही. फ्रान्समधील शालों या गावच्या संघात एक वर्ष खेळताना त्याने वजन उतरवले आणि २००३ मध्ये जन्मगावच्या, म्हणजे मायामीच्या, संघात प्रवेश मिळवला. तेथे तो वीस हंगाम राहिला. तीन अजिंक्यपदे पाहिली. अखेरच्या काही वर्षांत तो मैदानावर क्वचितच उतरे. तरुणांना वळण लावणारा वडीलधारा म्हणून संघाने त्याला जपले. गुणफलकावर न दिसणाऱ्या अशा कामालाही मोल असते, हे त्या संघव्यवस्थापनाने ओळखले.

महिलांची कथा वेगळी, आणि एका अर्थी अधिक बोधप्रद आहे. डब्ल्यू.एन.बी.ए. ही त्यांची व्यावसायिक स्पर्धा १९९७ मध्ये सुरू झाली. तोवर महाविद्यालय संपले की बहुतेकींना परदेशी तरी जावे लागे, नाहीतर खेळ सोडावा लागे. स्पर्धा सुरू झाल्यावरही वेतन तुटपुंजेच राहिले. २०२४ च्या निवडीत पहिली आलेली, आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क. तिचे पहिल्या वर्षाचे मूळ वेतन ७६,५३५ डॉलर होते. त्याच वर्षी पुरुषांच्या निवडीत पहिल्या आलेल्याचे एक कोटी डॉलरहून अधिक. ज्या खेळात पुढे पैसा नव्हता, तेथे पदवी सोडून जाण्याचा मोहही कमी होता. टेनेसी विद्यापीठात पॅट समिट या प्रशिक्षिकेने १९७४ ते २०१२ अशी अडतीस वर्षे संघ घडवला, आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली, १०९८ सामने जिंकले. त्यांच्या हाताखाली खेळाची मुदत पूर्ण करणारी प्रत्येक मुलगी पदवीधर होऊन बाहेर पडली. १०९८ विजयांपेक्षाही ही नोंद मोठी म्हणावी लागेल.

आता त्या माणसाकडे येऊ, ज्याच्यामुळे ही सारी व्यवस्था हादरली. एड ओबॅनन हा १९९५ च्या राष्ट्रीय विजेत्या यू.सी.एल.ए. संघाचा नायक. अंतिम सामन्यात त्याने तीस गुण केले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षीच्या निवडीत तो नववा होता. पण दुखावलेल्या गुडघ्याने साथ दिली नाही, एन.बी.ए.त दोनच हंगाम टिकला, नंतर काही वर्षे परदेशात खेळला आणि शेवटी लास व्हेगास परिसरात मोटारगाड्या विकण्याची नोकरी धरली. ही अपयशाची कहाणी मुळीच नव्हे. कुटुंब, कष्टाची नोकरी, स्थिर संसार, असे त्याने व्यवस्थित उभे केले होते. एके दिवशी एका परिचिताच्या घरी मुलाच्या संगणक-खेळात त्याला स्वतःचीच छबी दिसली : तोच बांधा, तोच क्रमांक, तोच डावरा हात. खेळ विकला जात होता, पैसे कोणाला तरी मिळत होते. ज्याचे रूप विकले जात होते त्याला कोणी विचारलेही नव्हते. २००९ मध्ये त्याने दावा दाखल केला. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचे निर्बंध स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग करणारे ठरवले. खुद्द ओबॅननला त्यातून संपत्ती मिळाली नाही. मिळाली ती त्याच्यानंतरच्यांना.

१ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार महाविद्यालये स्वतःच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. २०२५-२६ या वर्षासाठी एका महाविद्यालयाची कमाल मर्यादा दोन कोटी पाच लाख डॉलर होती. तीही सर्व खेळ मिळून.

वेतन रोख मिळू लागल्यावर पदवीचे काय? एक चिंता खरी आहे. २०२१ पासून खेळाडूला एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, महाविद्यालय बदलून लगेच खेळता येते. अधिक पैशासाठी दर वर्षी संघ बदलणारी मुले दिसू लागली, आणि एका विद्यापीठात पूर्ण केलेले सर्वच विषय दुसऱ्या विद्यापीठात पदवीसाठी धरले जातात असे नाही. चार वर्षे चार ठिकाणी शिकलेल्याची पदवी अशाने लांबते.

परंतु दुसरी बाजू अनपेक्षित निघाली. पैसा आला की मुले शिक्षण सोडतील, असे पुष्कळांना वाटत होते. २०२१ मध्ये मुदतीपूर्वी एन.बी.ए.च्या निवडीसाठी नावे देणाऱ्यांची संख्या साडेतीनशेच्या वर गेली होती. २०२५ मध्ये ती शंभराच्या थोडीच वर राहिली. दुसऱ्या फेरीत निवड होऊन अनिश्चित करारावर जाण्यापेक्षा महाविद्यालयातच अधिक मिळते, हे मुलांनी हिशेबाने ताडले. ज्या मुलांना घरच्या निकडीपोटी विसाव्या वर्षी वर्ग सोडावा लागला असता, त्यांतील काही आता तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या वर्गात बसलेली दिसतात.