चालता धंदा आणि मध्यस्थाचे काम

(वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



मला येथे बोलावताना चिटणीसबाईंनी विषयही नेमून दिला: स्त्रियांना करता येण्याजोगा, पण फारशा स्त्रिया न करीत असलेला व्यवसाय. शिवण, पापड-लोणची, पाळणाघर, शिकवण्या यांविषयी या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले असेल. म्हणून मी स्वतः जे काम करते त्याविषयीच बोलते. लहान लहान चालते धंदे एका हातातून दुसऱ्या हातात सोपविण्याचे हे काम आहे. साध्या भाषेत दलाली. शब्द ऐकून कोणी नाक मुरडले तर मला राग नाही. परंतु येथे बसलेल्यांपैकी कितीजणींनी नात्यातली लग्ने जुळविली आहेत! दोन्ही घरांची माहिती काढायची, एका घरातले सगळेच दुसऱ्या घरात सांगायचे नाही, पण खोटे मात्र मुळीच सांगायचे नाही, आणि मानपानावरून बोलणे अडले की मध्ये बसून मार्ग काढायचा. माझे काम याहून फार निराळे नाही. फरक एवढाच, की मी त्याचे पैसे घेते.

आता या कामाची आपल्याच भागात गरज का, ते सांगते. १९५४ साली ट्रॉम्ब्याला अणुशक्तीचे केंद्र उभे राहिले. त्याच सुमारास तेलशुद्धीचे कारखाने आणि टाटांचे वीजकेंद्र आले. पुढे अणुशक्तीनगर वसले, आणि १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून तेथील लोकांना चीता कॅम्पात आणले गेले. माणसे आली तशी त्यांच्यामागून पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, वह्यापुस्तकांचे दुकान, खानावळ हेही आले. ज्यांनी तरुणपणी ही दुकाने मांडली ते आज थकले आहेत. मुलगा पुण्याला नोकरीवर, मुलगी परदेशात. गल्ल्यावर बसायला कोणी नाही. मग एके दिवशी शटर खाली ओढले जाते आणि यंत्रे भंगारवाला वजनावर घेऊन जातो. तीस वर्षे जोडलेले गिऱ्हाईक मात्र वजनात धरले जात नाही.

अशाच एका बाई माझ्या माहितीच्या. यजमान गेल्यावर त्यांनी गिरणी एकटीने चालविली. गुडघे गेले तेव्हा विकायची ठरविली. आलेल्या माणसाने मोटार आणि दगड पाहून नव्वद हजार सांगितले. त्या कबूलही झाल्या होत्या. या पैशावर त्या आपल्या घरात राहू शकणार, की आयुष्यभर दुसऱ्याच्या दारी जाणार, हा प्रश्न होता.

मी त्यांची वही मागितली. 'वही कसली, डब्यांच्या खुणा आहेत,' असे त्या म्हणाल्या. त्या खुणाच मला हव्या होत्या. रोज किती डबे येतात, दिवाळीच्या भाजणीला किती, पावसाळ्यात किती, हे त्यांत सगळे होते. विजेचे बिल, भाडे, पट्टा, दगडाला टाकी लावण्याचा खर्च, हे वजा घालता महिन्याला बत्तीस हजार उरत. (आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.) पण ही सगळी धंद्याची मिळकत नव्हे. बाईंच्या जागी पगारी माणूस ठेवला असता तर अठरा हजार त्याला द्यावे लागले असते. ते वजा केल्यावर राहिले चौदा हजार, म्हणजे वर्षाला १,६८,०००. अशी दोन वर्षांची मिळकत आणि यंत्रांचे नव्वद हजार मिळून ४,२६,००० होतात. एवढे मागितले. मानखुर्दच्या एका तरुण जोडप्याने घासाघीस करून ३,६०,००० ला ती गिरणी घेतली. बाई महिनाभर त्यांच्याजवळ बसल्या आणि कोणाला बारीक लागते, कोणाला रवाळ, ते त्यांनी सांगितले. दोन वर्षांचीच मिळकत का धरावी, असे कोणी विचारील. त्याला शास्त्र नाही. धंदा मालकाच्या तोंडओळखीवर जितका अधिक चालतो तितकी ही मुदत कमी धरावी, हा माझा अनुभव.

किमतीपेक्षा अवघड भाग करारनाम्याचा. आमच्या शेजारच्या एका खानावळीची विक्री मध्यस्थाविना झाली. घेणाऱ्याने भांड्यांचे नव्हे, तर बांधलेल्या डब्यांचे पैसे मोजले होते. तीन महिन्यांत विकणारीने घरातून तेच डबे पुन्हा सुरू केले! आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम २७ प्रमाणे कोणाला धंदा करण्यापासून अडविणारा करार सामान्यतः रद्दबातल ठरतो. पण धंद्याचा नावलौकिक विकताना, ठराविक भागापुरता तोच धंदा न करण्याचे वचन घेता येते. भागाची मर्यादा मात्र वाजवी पाहिजे. हा अपवाद कायद्यानेच ठेविला आहे. त्या करारनाम्यात असे एक वाक्य असते तर घेणाऱ्याच्या हातात काही राहिले असते.

जागेचेही तसेच. पुष्कळ दुकाने लीव्ह-लायसन्सवर असतात, आणि ते लायसन्स दुकानाबरोबर आपोआप जात नाही. मालकाशी नवा लेखी करार करून तो नोंदवावा लागतो. पागडीची जागा असली तर मालकाची संमती आधी, बाकीचे बोलणे नंतर. खाद्यपदार्थांचा धंदा विकत घेणाऱ्याने आपल्या नावाची नोंदणी स्वतः करून घ्यावी. आणि वस्तू व सेवा कराचे खाते असलेला धंदा विकला, तर विक्रीपूर्वीचा थकलेला कर घेणाऱ्याच्याही अंगावर येऊ शकतो, असे २०१७ च्या कायद्याचे कलम ८५ सांगते. म्हणून भरलेल्या कराच्या पावत्या पाहिल्याशिवाय मी बयाणा देऊ देत नाही.

तोट्यातला धंदा कोण घेणार, असे काहीजणी विचारतात. लिज्जत पापड आपण सगळ्याजणी खातो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सातजणींनी तो आरंभिला. छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले आणि तोट्यात चाललेला एक पापडाचा उद्योगच आपल्या हाती घेतला. देणग्या मागू नका, धंदा म्हणून चालवा, हिशेब चोख ठेवा, असे पारेखांनी त्यांना बजावले होते. त्या सातांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आज त्या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक भगिनी आहेत. एका हातात बुडणारा धंदा दुसऱ्या हातात तरतो, तो असा. अर्थात प्रत्येक बुडत्या दुकानाचे लिज्जत होत नाही. ज्या दुकानासमोर आता रस्ताच उरलेला नाही, ते घेऊ नका असे मी तोंडावर सांगते, मग माझी दलाली बुडली तरी चालेल.

या कामात पडू इच्छिणाऱ्यांनी प्रथम नफातोट्याचा हिशेब वाचायला शिकावे. महाविद्यालयात जायला हवे असे नाही; एखाद्या ओळखीच्या हिशेबनिसाजवळ चार महिने बसले तरी पुष्कळ होते. दुसरे म्हणजे तोंड बंद ठेवावे. दुकान विकायचे आहे ही बातमी फुटली की नोकर दुसरीकडे पाहू लागतात, माल देणारे उधारी बंद करतात, आणि धंद्याची किंमत विक्रीपूर्वीच उतरते. आपल्याला बोलायला आवडते हे खरे, पण गुपिते सांभाळण्यात आपण पुरुषांपेक्षा कमी आहोत, हे मला मान्य नाही!

दलाली मी शेकडा पाच घेते, तीही एकाच बाजूकडून, आणि कोणाकडून ते दोघांना आधी सांगून. व्यवहार पुरा झाल्यावरच घेते. त्यामुळे सहा सहा महिने हाती काही येत नाही, आणि मग एकदम येते. घर एवढ्यावरच चालवायचे असेल तर आरंभी दुसरी मिळकत सोडू नये. मी पहिली दोन वर्षे शिकवण्या घेत होते.

हिशेब कसा मांडते ती वही मी आज बरोबर आणली आहे. नावांवर कागद चिकटविले आहेत. ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याजवळ यावे.