तोल आधी, जोर नंतर



या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती मोडून मी आज एकाच पुलाविषयी बोलणार आहे.

इंग्लंडमध्ये टाईन नदीवर, न्यूकॅसल आणि गेट्सहेड यांना जोडणारा मिलेनियम पूल 2001 मध्ये खुला झाला. तो फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी आहे. वास्तुरचना विल्किन्सन आयर यांची, अभियांत्रिकी गिफर्ड यांची. त्यांच्यापुढचा पेच असा : चालणाऱ्याला पूल काठाच्या पातळीवर हवा आणि जहाजाला खाली 25 मीटर मोकळी उंची हवी. पूल कायमचा उंच बांधला, तर दोन्ही तीरांवर जिनेच जिने. जिना चुकवण्यासाठी माणसे रूळ ओलांडतात, हे मुंबईत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

म्हणून पूल हलता केला. पण कसा, ते पाहण्यासारखे आहे. चालण्याचा मार्ग सरळ न ठेवता धनुष्यासारखा बाकदार ठेवला. त्यामुळे लांबी वाढली आणि चढ सौम्य झाला. या मार्गाला पेलणारी पोलादी कमान विरुद्ध बाजूला कलती ठेवली. दोघांना 18 केबलींनी बांधले आणि दोन्ही काठांवर त्यांना सामायिक बिजागऱ्या दिल्या. जहाज आले की सगळा सांगाडा 40 अंशांनी कलतो. मार्ग वर जातो, कमान खाली येते आणि एकाचे वजन दुसऱ्याला तोलून धरते. त्यामुळे साडेआठशे टनांहून अधिक पोलाद कलवायला प्रत्येक काठावर तीन, असे सहाच हायड्रॉलिक सिलिंडर लागतात. प्रत्येकाची मोटर 55 किलोवॉटची, म्हणजे सुमारे 75 अश्वशक्तीची. साडेचार मिनिटांत पूल उघडतो.

मित्रहो, इथे बाक चढासाठीही आहे आणि उघडण्यासाठीही. कमान भार पेलते आणि प्रतिभारही होते. पूल कलला की त्यावरचा कचरा घरंगळत टोकाशी ठेवलेल्या सापळ्यात पडतो! नोव्हेंबर 2000 मध्ये तरंगत्या क्रेनने हा पूल अखंड उचलून जागेवर बसवला. काठावरचा पाया आणि बिजागरी यांत तफावत राहिली असती, तर जागेवर कापाकापी करून ती निस्तरता आली नसती. पाया, पोलाद आणि यंत्र यांचा हिशेब आधीच एकत्र झालेला होता.

आपला दोष नेमका इथे आहे. आपण आधी पूल आखतो, मग यंत्र अभियंत्याला बोलावून म्हणतो, ‘आता हा हलवून द्या.’ तोल कागदावर साधला नसेल, तर तो मोटरच्या जोरावर विकत घ्यावा लागतो आणि त्याचे वीजबिल, तेलगळती व दुरुस्ती पुढची पिढी भरते. उलट प्रश्नही विचारायला हवा : इथे पूल हलायलाच हवा का? जिथे जहाज येत नाही, तिथे हालचाल ही निव्वळ हौस ठरेल.

म्हणून माझी सूचना दोन वाक्यांची आहे. हलत्या पुलाच्या पहिल्या आराखड्यावर स्थापत्य आणि यंत्र, दोन्ही अभियंत्यांच्या सह्या असाव्यात. आणि निविदेत बांधकामाच्या खर्चाशेजारीच तो चालवण्याचा व देखभालीचा खर्च मांडलेला असावा. याच संमेलनात तसा ठराव व्हावा, अशी विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.