देवाचा कैवार आणि आठवी आज्ञा



ज्युबिलीच्या या मंगल दिवशी चार शब्द बोलावे, अशी आपण आम्हांस आज्ञा केली आहे. आपल्या धर्मग्रामात मंदिराच्या भिंतीला लागूनच शाळा उभी आहे. म्हणून श्रद्धा व विद्या यांविषयी, दूर अमेरिकेत घडलेल्या एका वादाची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पेनसिल्व्हेनिया संस्थानात डोव्हर नावाचे लहानसे गाव आहे. तेथील शाळा-मंडळाने 2004 च्या ऑक्टोबरात 6 विरुद्ध 3 मतांनी ठराव केला की, डार्विनच्या उपपत्तीतील उणिवा व 'बुद्धिमान योजना' ही दुसरी उपपत्ती यांची जाणीव विद्यार्थ्यांस करून द्यावी. त्यासाठी नववीच्या वर्गात वाचावयाचे निवेदन जीवशास्त्राच्या शिक्षकांनी वाचण्याचे नाकारले. तेव्हा ते अधिकाऱ्यांनी वाचून दाखविले. इकडे 11 पालक न्यायालयात गेले.

या खटल्यात दोन्ही पक्षांकडून कॅथलिक विद्वानच साक्षीस उभे राहिले. काही जीवाणूंस पोहण्यासाठी शेपटासारखे सूक्ष्म अंग असते. त्याचा एक भाग काढला तरी ते निकामी होते. म्हणून ते टप्प्याटप्प्याने घडणे अशक्य, ते कोणी तरी योजिलेच असले पाहिजे, असे प्रा. मायकेल बीही यांचे म्हणणे. प्रा. केनेथ मिलर यांनी उत्तर दिले की, त्या अंगाच्या काही भागांसारखीच रचना इतर जीवाणूंत विष टोचण्याच्या कामी येते. अर्थात अपुरे अंग निरुपयोगी असते असे नाही. ईशज्ञानाचे अध्यापक जॉन हॉट हेही पालकांच्याच बाजूने बोलले.

20 डिसेंबर 2005 रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी 139 पृष्ठांचा निकाल दिला. 'बुद्धिमान योजना' हे विज्ञान नव्हे, असे त्यांनी ठरविले. परंतु आमच्या अंतःकरणास अधिक झोंबली ती निराळीच गोष्ट. या मताच्या पुस्तकाच्या 60 प्रती शाळेस मिळाल्या, त्यांचे पैसे चर्चमध्ये जमविलेले होते. शपथेवर मात्र ते लपविण्यात आले. उघडपणे धर्माभिमान मिरविणाऱ्या काही सभासदांनी आपला हेतू झाकण्यासाठी असत्य सांगितले, असे न्यायाधीशांनी नमूद केले आहे.

बंधूंनो, आपल्या लेकरांची श्रद्धा ढळेल ही त्या सभासदांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. तीच भीती घेऊन कित्येक माता आमच्याकडेही येतात. पण आठवी आज्ञा मोडून पहिल्या आज्ञेचे रक्षण कसे व्हावे? जो स्वतः सत्य आहे, त्यास असत्याच्या कुबड्या कशास हव्यात?

आपल्या मंदिराची घंटा का वाजते? दोर ओढला, लोलक आपटला, म्हणून वाजते. आणि भाविकांस मिस्साला बोलवावयाचे आहे, म्हणूनही वाजते. दोन्ही उत्तरे खरी. एकाने दुसरे खोटे ठरत नाही. पहिले शाळेत शिकावे, दुसरे मंदिरात. अनुवंशाचे नियम शोधणारा मेंडेल मठवासीच होता. बारावे पायस यांनी 1950 साली मानवदेहाच्या उगमाविषयी शोध करण्यास मोकळीक दिली, आत्मा मात्र साक्षात् परमेश्वरच निर्माण करतो असे बजावले. आणि दुसरे जॉन पॉल यांनी 1996 साली उत्क्रांती ही केवळ कल्पनेहून अधिक काही आहे, असे मान्य केले.

आपल्या देशातही 2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला; तेव्हा हा प्रश्न केवळ परक्यांचा नाही.

म्हणून आमची एवढीच विनंती: मुलाने घरी येऊन माकडाचा व माणसाचा प्रश्न विचारला, तर त्यास दटावू नका. ठाऊक असेल ते सांगा, नसेल तर तसे कबूल करा, आणि त्यास शिक्षकाकडे व आमच्याकडेही पाठवा. ज्या मुलास घरी खरे बोलणारे आईबाप लाभतात, त्याची श्रद्धा कोणत्याही पुस्तकाने डळमळत नाही.

परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो.