केबिनखालचं रबर

(गेल्या गणेशोत्सवात, अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी, मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



काल याच जागी कीर्तन झालं. उद्या मुलांची वेशभूषा आहे. या दोहोंच्या मध्ये आम्हाला उभं करून विषय दिलाय गाडीच्या दुरुस्तीचा! बोलणारा एक असला तरी काम चौघांनी केलंय, म्हणून सगळं 'आम्ही' म्हणूनच सांगतो. आमच्यातला एक डिंडोलीला गॅरेज चालवतो, एक वेल्डिंग करतो, एकाने तीस वर्षं लूमवर मास्तर म्हणून काढली आणि एक ड्रायव्हर आहे. भाषणाची सवय चौघांनाही नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

विसर्जनाच्या मिरवणुकीत दरवर्षी सगळ्यात पुढे चालणारी ती निळी टाटा मोबाइल तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. हे मॉडेल टेल्कोने १९८८ साली आणलं. तोवर टेल्को म्हटलं की डोळ्यांपुढे ट्रक आणि बसच यायची. पुण्यात घडलेल्या या पिकअपच्या पायावरच पुढे सिएरा आली, सुमो आली. आणि 'सुमो' हे नाव टेल्कोची धुरा वाहणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावातलं 'सु' आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं 'मो' यांवरून घेतलेलं. म्हणजे आपल्या माणसाचं नाव त्या घराण्यात आहेच.

आप्पांनी ही गाडी १९९७ साली जुनी विकत घेतली. सकाळी लिंबायतच्या खात्यांतून ग्रे कापडाचे ताके भरायचे आणि रिंगरोडच्या मार्केटला टाकायचे, हा तिचा रोजचा धंदा. आखाजीला आणि कानबाईला तीच गाडी घरच्यांना घेऊन गावी निघायची. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट चढून साक्री, धुळे आणि पुढे अमळनेरकडे. आज इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांचं सामान, लग्नाचे रुखवत, आजारी माणसं त्या गाडीतून गेली आहेत. गणपतीचं भाडं आप्पांनी कधी घेतलं नाही. आप्पा गेले, तरी घरच्यांनी तो रिवाज मोडला नाही.

यंदाच्या आखाजीची गोष्ट. गावाहून परत येताना कोंडाईबारीचा घाट उतरत होतो. उजवीकडच्या एका वळणावर डावं दार आपोआप उघडलं. दाराशी आप्पांची सात वर्षांची नात बसली होती. काकूंच्या हातात तिच्या फ्रॉकचा घोळ आला, म्हणून ती पोर आज समोर पहिल्या रांगेत बसलेली दिसते आहे. गाडी बाजूला घेतली तेव्हा ड्रायव्हरचे पाय थरथरत होते. काकू काहीच बोलल्या नाहीत. घरी येईपर्यंत त्यांनी पोरीला मांडीवरून खाली उतरवलं नाही.

घरी बैठक बसली. मुलगा म्हणाला, "भंगारात देऊन टाकू. माणसापेक्षा गाडी मोठी नाही." त्याचं चुकत नव्हतं. काकू एवढंच म्हणाल्या, "गाडी म्हातारी व्हयनी, पन घरनी शे." मग आम्ही मध्ये पडलो आणि एक बोली केली. गाडी पूर्ण उघडून बघू. दुरुस्त होण्यासारखी असेल तर करू, आणि चेसिसच सडलेली निघाली तर आम्हीच भंगारवाल्याला बोलावू.

आता दार का उघडलं? दाराचं लॉक आम्ही त्याआधी दोनदा बदललं होतं. दोष लॉकचा नव्हताच. अशा गाडीत चेसिस वेगळी आणि केबिन वेगळी. इंजिन, पाटे, चाकं चेसिसवर असतात. केबिन तिच्यावर ठेवून बोल्टने धरलेली असते. लोखंडावर लोखंड ठेवलं तर खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट केबिनला बसेल, म्हणून प्रत्येक बोल्टच्या जागी मध्ये जाड रबर असतं. गॅरेजवाले त्याला केबिनचं फौंडेशन म्हणतात. एक रबर चेसिसच्या वर, ते वजन घेतं. दुसरं खाली, ते केबिनला उसळू देत नाही. दोन्हींच्या मधून लोखंडी नळी जाते आणि नळीतून बोल्ट.

उन्हाने, हवेने आणि वयाने रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात. डिझेल-ऑइल लागलं की ते फुगून पिठासारखं होतं. मग केबिन एका कोपऱ्यात खाली बसते. दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसू लागते. क्लच सोडताना पायाखाली 'ठक्' असा आवाज येतो. गिअरचा दांडा फ्लोअरच्या भोकाला घासतो. स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि केबिनमधून चेसिसवर उतरणाऱ्या ब्रेकच्या नळीवर ताण येतो. ही सगळी लक्षणं आमच्या गाडीत होती. आम्ही ती 'म्हातारपण' म्हणून सोडून देत होतो.

इथे एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी डावीकडचं रबर गेलं होतं, तेव्हा आम्हीच जुन्या टायरचे तुकडे कापून तिथे घातले होते. दहा मिनिटांत काम झालं, पैसे वाचले, म्हणून खूशही झालो होतो. पण तुकडे कमी-जास्त जाडीचे होते. एकीकडे टायर, दुसरीकडे झिजलेलं रबर, त्यामुळे केबिन पिळली गेली. घाटात दार उघडलं ते त्या पिळाने. त्या दिवशीची चूक रस्त्याची नव्हती आणि गाडीचीही नव्हती. ती आमची होती.

जूनमध्ये चार रविवार काम चाललं. आधी बॅटरी सोडली. स्टिअरिंगचा जोड, हँडब्रेकची केबल, वायरिंग, अर्थची तार, नळ्या, केबिनपासून चेसिसपर्यंत जे जे जातं ते मोकळं केलं किंवा ढिलं करून ठेवलं. हे विसरून जॅक लावला तर केबिन वर जाते आणि नळी तुटते. बोल्टांना दोन दिवस डिझेल आणि गंज सोडवणारं तेल पाजलं. मग दोन्ही बाजूंचे बोल्ट ढिले केले, पण केबिन उचलली एकाच बाजूने. जॅकवर लाकडाचा लांब ओंडका ठेवून तो फ्लोअरच्या जाड पट्टीखाली लावला. पातळ पत्र्याखाली लावला असता तर पत्राच वर आला असता. रबर निघेल एवढीच, दोन-तीन इंच उचलली आणि लगेच घोडी लावली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणाचाही हात खाली गेला नाही.

मागचा डावा बोल्ट मात्र हटेना. त्याचा नट केबिनच्या आतल्या कप्प्यात वेल्ड केलेला असतो. तो सुटला आणि बोल्टसोबत गोल फिरू लागला. शेवटी सीट काढून, वरून फ्लोअर चौकोनी कापला. आत काय निघालं? मूठ-मूठ काळा गाळ. लिंबायतकरांना सांगायला नको, तो मिठी खाडीचा होता. खाडीपुरात आपल्या गल्ल्यांत पाणी शिरतं तेव्हा आपण घर धुतो, भांडी धुतो, गाडीला वरून पाइप मारतो. त्या कप्प्यात शिरलेला गाळ कोण धुणार? तो वर्षानुवर्षं ओल धरून बसला आणि पत्रा खात राहिला. वेल्डरने सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला, नवी जाड पट्टी बसवली, आतून-बाहेरून रेडॉक्साइड मारला. चेसिस हातोडीने ठोकून पाहिली. आवाज भरीव आला. चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं. बोली जिंकली होती.

रबर तयार मिळेना. मग सगळ्यात कमी झिजलेल्या जोडीचं माप घेऊन उधन्याला साच्यातून करवून घेतलं. पहिला नमुना आमच्या मास्तरांनी नखाने दाबला आणि परत पाठवला. म्हणाले, "हे दगड आहे. लूमच्या पायाखाली असलं रबर घातलं तर सगळं खातं हादरेल. आणि मऊही नको, मऊ असेल तर लूम नाचतो." दुसरा नमुना पास झाला. सगळी रबरं एकदमच बदलली, कारण एखाददुसरं बदलण्याचा धडा आम्ही शिकलो होतो. केबिन खाली बसवल्यावर दारांच्या फटी पाहिल्या. जिथे फरक होता तिथे पातळ वायसर घातले. मगच बोल्ट आवळले, तेही आतली नळी टेकेपर्यंतच. रबर चेपून चपटं करायचं नसतं. अमळनेरची एक फेरी झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासले, दोन थोडे ढिले झाले होते.

बरेच जण विचारतात, पंधरा वर्षांवरची गाडी सरकार भंगारात काढत नाही का? ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेलं धोरण खाजगी मालकांसाठी ऐच्छिक आहे. दिल्लीकडचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडे खरा प्रश्न वयाचा नाही, फिटनेसचा आहे. मालवाहू गाडीची आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो. आमची गाडी यंदा तपासणीत पास झाली. नापास झाली असती तर आम्ही हट्ट धरला नसता.

मित्रहो, दरवर्षी आम्ही या गाडीला रंग देत होतो, हार घालत होतो, इंजिनाचं तेल बदलत होतो. खाली वाकून कुणीच पाहिलं नाही. म्हणून एकच विनंती आहे. परवा विसर्जन आहे. तापीत विसर्जन बंद झाल्यापासून कृत्रिम तलाव असो की समुद्रकिनारा, सगळ्यांना गाड्यांनीच जायचं आहे. उद्या सकाळी आठ वाजता मंडळाच्या सगळ्या गाड्या, मूर्तीची ट्रॉली, या व्यासपीठाचे नट-बोल्ट, मांडवाच्या गाठी आपण मिळून तपासू. तरुणांनी जुने कपडे घालून यावं. पाने आम्ही आणतो, चहा काकूंकडे आहे.

आणि हो, परवा त्या गाडीत पुढे, डाव्या दाराशी, आप्पांची नात बसणार आहे. तिनेच तसं सांगितलंय. काकूंनी आधी दार दहा वेळा उघडून-लावून पाहिलं आणि मगच हो म्हटलं.

गणपती बाप्पा मोरया!