बोटाच्या टोंकावरील साक्ष

घरांत टंचाई आली म्हणजे जाणता कर्ता पुरुष मुलांच्या घांसाला हात लावीत नाहीं. तो प्रथम वरखर्चाला कात्री लावतो. शरीराचीही रीत अशीच आहे. सेप्सिस या व्याधींत जंतुसंसर्गाशीं झुंजतांना शरीराचा प्रतिकार बेताल होतो आणि स्वतःच्याच इंद्रियांना इजा करूं लागतो. रक्ताभिसरण ढासळलें कीं मेंदू व हृदय यांचा वांटा राखण्यासाठीं कातडीचा पुरवठा आधीं आंखडला जातो. कित्येकदां औषधांनीं रक्तदाब ठीक दिसूं लागतो, पण सूक्ष्म केशवाहिन्यांत रक्त पुरेसें पोंचत नाहीं. ही आंतली टंचाई सुई न टोंचतां कातडीवरून ओळखतां येते.

रीत साधी आहे. उजव्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर आंतल्या बाजूनें कांचेची पट्टी दाबतात. कातडी पांढरी पडली कीं १० सेकंद तशीच धरून सोडतात, आणि पूर्वीची लाली परतण्यास किती वेळ लागतो तें घड्याळावर मोजतात. ३ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास तें चिन्ह चांगलें नव्हे. पॅरिसमधील डॉक्टरांनीं २०११ सालीं गुडघ्याभोंवतीं पसरणाऱ्या जांभळट डागांना ० ते ५ असे गुण दिले. गुण जितके अधिक, तितका मृत्यूचा धोका मोठा, असें त्यांना आढळलें.

परंतु भाकीत करणें निराळें आणि रोगी वांचविणें निराळें. ही कसोटी दक्षिण अमेरिकेंतील पांच देशांत लागली. तेथील २८ रुग्णालयांतील ४२४ रोग्यांचे दोन गट करण्यांत आले. एका गटाचे उपचार बोटाच्या लालीवरून, तर दुसऱ्याचे रक्तांतील लॅक्टेटच्या प्रमाणावरून ठरविले. निकाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. २८ दिवसांत पहिल्या गटांतील शेंकडा ३४.९, तर दुसऱ्यांतील ४३.४ रोगी दगावले. अंतर मोठें दिसतें. तथापि संख्याशास्त्राच्या कांट्यावर तें योगायोगाचेंही असूं शकतें. म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत ही परीक्षा इतर परीक्षांच्या जोडीला वापरावी, एवढेंच सुचविलें आहे.

तिच्या मर्यादाही ध्यानांत ठेवाव्या. थंडी, मंद उजेड, वार्धक्य यांनीं ही मोजणी बदलते. सांवळ्या कातडीवर डाग नीट दिसत नाहींत. म्हणून श्रोत्यांनीं घरच्या घरीं बोट दाबून निश्चिंत होऊं नये. तापासोबत धाप, असंबद्ध बोलणें किंवा लघवी कमी होणें दिसल्यास रोग्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें. बोटाची साक्ष मोलाची खरी. पण ती दर अर्ध्या तासानें घेणारा, आणि ऐकून उपचार बदलणारा डॉक्टर उशाशीं हवा.